हलवलेला स्नायू आणि परतणारा मज्जातंतू : प्रस्तावना

शरीरातला एखादा स्नायू मूळ जागेवरून पूर्णपणे सोडवून दुसरीकडे बसवता येतो. तो तिथे जगतो, आणि काही महिन्यांनी आकुंचन पावून कोपर वाकवतो किंवा ओठाचा कोपरा उचलतो. आज हे मोजक्याच शस्त्रक्रियागृहांत घडते. पण ते घडू शकले, त्यामागे बेडूक, उंदीर, मांजर आणि कुत्रा यांच्यावर शंभराहून अधिक वर्षे झालेला अभ्यास आहे. त्या अभ्यासाच्या मध्यभागी एकच प्रश्न उभा आहे. हलवलेल्या स्नायूला मज्जातंतू पुन्हा कसा मिळतो, आणि मिळाल्यावर तो स्नायू कितपत कामाचा होतो? पुढची सारी प्रकरणे या प्रश्नाभोवती फिरतात. वैद्यकाचे व फिजिओथेरपीचे विद्यार्थी आणि जीवशास्त्राची आवड असलेला कोणताही चोखंदळ वाचक डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. विषय पहिल्या भेटीत रुक्ष वाटण्याचा संभव आहे. वाचकांनी त्याला थोडा वेळ द्यावा, एवढीच विनंती. ओळख वाढली की त्याची गोडी आपोआप लागते, असा आमचा अनुभव आहे.

रत्नागिरीत बसून हा विषय का मांडावा, असे कोणी विचारले तर ते गैर नाही. त्याचे उत्तर आपल्या भोवतालीच आहे. आंब्याच्या हंगामात झाडावरून पडणारा गडी, मनगटावर कोयत्याचा घाव बसलेला माणूस, महामार्गावर खांद्यावर आपटलेला दुचाकीस्वार: या तिघांच्याही हाडांची चौकशी सगळे करतात, मज्जातंतूंची चौकशी पुष्कळदा उशिरा होते. दुचाकीवरून पडताना डोके एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ओढला गेला, की मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्याला ताण बसतो. कधी त्याची मुळे मज्जारज्जूपासून उपटली जातात. हाड धरते, जखम भरते, आणि हात मात्र लोंबकळत राहतो. अशा वेळी घरच्या माणसांना पडणारा पहिला प्रश्न ‘हात कधी हलेल’ हा असतो. त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे, तर मज्जातंतूचा वेग आणि स्नायूचा धीर या दोन्हींचा हिशेब ठाऊक असावा लागतो. तो हिशेब प्रथम प्राण्यांमध्ये मांडला गेला.

या भागाला विषयाची आणखी एक, जुनी बाजू आहे. कुष्ठरोग हा मुळात मज्जातंतूंना ग्रासणारा रोग, आणि कोकणाला व एकूणच मुंबई इलाख्याला त्याचा दीर्घ परिचय होता. १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रे काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच सुमारास मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकवले, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काम केले, आणि कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी नॉर्वेपर्यंत जाऊन आले. जगभरच्या वैद्यकाचे विद्यार्थी ज्यांची चित्रे पाहून मज्जातंतू ओळखायला शिकले, त्या चित्रकाराने आपले उरलेले उमेदीचे आयुष्य या इलाख्यातल्या रोगांवर वेचले, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. विसाव्या शतकात डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि मग मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच सूत्र हाती घेतले. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४८ पासून वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या होत्या. त्यांची पद्धत साधी आणि अतिशय विचारी होती. चालू असलेल्या स्नायूचा कंडरा तेवढा सोडवून नव्या जागी शिवायचा. त्याचा मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या यांना हातही लावायचा नाही.

ही पद्धत नीट समजून घ्यावी, कारण या पुस्तकाचा विषय तिच्या पलीकडून सुरू होतो. शेजारचा चालू स्नायू उपलब्ध असेल तर कंडरा हलवून भागते. शेजारी एकही चालू स्नायू उरला नसेल तर काय करायचे? मग दुरून स्नायू आणावा लागतो. आणि दुरून आणायचा म्हणजे त्याच्या रक्तवाहिन्याही तोडाव्या लागतात आणि मज्जातंतूही.

रक्तवाहिन्यांचा प्रश्न आपल्या मातीला नवा नाही. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने कावसजी नावाच्या मराठी बैलगाडीवानाची हकीकत छापली. इंग्रजी फौजेत काम करताना तो टिपूच्या हाती सापडला होता, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला होता. पुण्याजवळच्या एका विटा भाजणाऱ्या जातीतल्या वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी फिरवून नवे नाक घडवले. कातडीचा देठ भुवयांच्या मध्ये शाबूत ठेवायचा, म्हणजे रक्त तिथून येत राहते, हे त्या वैद्याला पक्के ठाऊक होते. अशा शस्त्रक्रियेत देठ शाबूत असेपर्यंत नव्या नाकाला स्पर्श केला की तो कपाळाला केल्यासारखा जाणवतो. म्हणजे देठातून रक्ताबरोबर मज्जातंतूही येतात. देठ न ठेवता, रक्तवाहिन्या तोडून नव्या जागी सूक्ष्मदर्शकाखाली जोडणे हा पुढचा टप्पा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. त्यातही मुंबईचे नाव आरंभीच लागते. पोटावरचा त्वचा-चरबीचा तुकडा दुसरीकडे नेऊन त्याच्या रक्तवाहिन्या थेट जोडल्याचा अहवाल अंतिया आणि बुच यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. या कामाचा उल्लेख परदेशी इतिहासलेखनात आदराने होतो. आपल्याकडेही तो व्हावा.

चरबीचा तुकडा जगला की काम संपते. स्नायूचे तसे नाही, आणि नेमका हाच फरक वाचकांनी पहिल्या पानापासून मनाशी धरावा. रत्नागिरीच्या वाचकाला तो सांगायला आंब्याच्या कलमाइतका सोयीचा दाखला नाही. कोय कलम बांधताना रोपाचा आणि काडीचा छेद नीट जुळला, पट्टी घट्ट बसली, की रस चढतो, काही आठवड्यांत काडीला पालवी येते, आणि बागायतदार ‘कलम धरले’ म्हणतो. स्नायूच्या बाबतीत इथवरचा प्रवास फक्त निम्मा आहे. रक्त पोचले, पेशी जगल्या, तरी तो स्नायू आज्ञेवाचून पडून राहतो, आणि पडून राहिला की झिजतो. झाडाला लागत नाही असा दुसरा, मज्जातंतूचा सांधा इथे जुळावा लागतो. ‘स्नायू जगला का’ आणि ‘स्नायू कामाला लागला का’ या दोन प्रश्नांची सरमिसळ हे या क्षेत्रातल्या बऱ्याच गोंधळाचे मूळ आहे, असे माझे मत आहे. मोठ्या संशोधकांच्या लेखांतही कधीकधी पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या जागी दिलेले आढळते.

आता प्रयोगांकडे वळू. आरंभ १८५० साली ऑगस्टस वॉलर यांच्यापासून करणे योग्य. बेडकाच्या जिभेला जाणारे मज्जातंतू कापून त्यांनी दाखवले, की कापलेल्या जागेपलीकडचा भाग, म्हणजे मूळ पेशीपासून तुटलेला भाग, ढासळत जातो. पेशीकडचा भाग टिकतो आणि त्यातूनच नवे कोंब फुटतात. ढासळलेल्या तंतूंच्या जागी रिकाम्या नळ्या उरतात. त्यांत श्वॉन पेशी, म्हणजे मज्जातंतूच्या आधारपेशी, रांगेने उभ्या राहतात, आणि नवा अक्षतंतू, म्हणजे मज्जापेशीचा लांब धागा, त्यांच्या आधाराने पुढे सरकतो. त्याचा वेग माणसात दिवसाला साधारण एक मिलिमीटर. हा आकडा विसरू नका; पुढे त्याचे पुष्कळ काम आहे.

स्नायूच्या बाजूची कथा याहून चकित करणारी आहे. मॉस्कोमध्ये ए. एन. स्टुडित्स्की यांनी उंदराच्या पोटरीचा स्नायू बाहेर काढला, त्याचे बारीक तुकडे केले, आणि तो खिमा जसाच्या तसा मूळ जागी ठेवला. त्यातून पुन्हा स्नायू तयार झाला. लहान, ओबडधोबड, पण आकुंचन पावणारा. अमेरिकेत ब्रूस कार्लसन यांनी हा धागा पुढे नेला आणि १९७२ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नंतर कार्लसन आणि जॉन फॉकनर यांनी उंदराच्या आणि मांजराच्या पायातला, बोटे उचलणारा लांब स्नायू अखंड काढून परत बसवण्याचे प्रयोग मालिकेने केले. त्यांत दिसलेला क्रम प्रत्येक नवशिक्याने डोळ्यांपुढे आणावा. रक्त तुटल्यामुळे स्नायूचा मधला भाग मरतो. कडेचा पातळ थर तेवढा बाहेरून झिरपणाऱ्या पोषणावर तगतो. मग कडेकडून आत नव्या केशवाहिन्या शिरतात, त्यांच्यासोबत भक्षक पेशी येतात आणि मेलेला भाग साफ करतात. प्रत्येक जुन्या स्नायुतंतूभोवतीचे पातळ आवरण मात्र टिकून असते. त्या आवरणाच्या आत दडलेल्या सॅटेलाइट पेशी, ज्या अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ साली बेडकाच्या स्नायूत प्रथम ओळखल्या, आता जाग्या होतात, वाढतात, एकमेकींत मिसळतात, आणि त्याच आवरणात नवा तंतू उभा करतात. म्हणजे जे ‘जगले’ असे आपण म्हणतो, त्यातले बरेचसे खरे तर मरून पुन्हा जन्मलेले असते.

आणि इथेच मज्जातंतूचा प्रवेश होतो. नव्या तंतूंना मज्जातंतू मिळाला नाही तर ते काही काळ वाढतात आणि मग आक्रसतात. कार्लसन आणि त्यांच्या चेकोस्लोव्हाक सहकाऱ्यांनी १९८१ साली एक सुंदर तुलना केली. एका गटात स्नायू पूर्ण तोडून परत बसवला. दुसऱ्या गटात रक्तवाहिन्या तोडल्या पण मज्जातंतू शाबूत ठेवला. दोन्हीकडे स्नायू मरून पुन्हा उभा राहिला. ज्यांचा मज्जातंतू शाबूत होता ते स्नायू वजनाने आणि ताकदीने स्पष्टपणे सरस ठरले. एवढा स्वच्छ प्रयोग या क्षेत्रात क्वचित सापडतो. स्नायूचे नुकसान तेच, पुनर्जन्म तोच, फक्त मज्जातंतूचा फरक. माझ्यापुरते सांगायचे तर ‘स्नायूच्या कलमाला मज्जातंतू महत्त्वाचा’ या विधानाला पुस्तकी वाक्याच्या पायरीवरून ठोस ज्ञानाच्या पायरीवर याच प्रयोगाने आणले.

मज्जातंतू नेमका कुठे जाऊन बसतो, हाही मोठा कुतूहलाचा भाग आहे. १९७७ मध्ये मार्शल, सेन्स आणि मॅक्मॅहन यांनी बेडकाच्या स्नायूत मुद्दाम तंतू नष्ट केले आणि रिकामी आवरणे तेवढी ठेवली. परतणारे अक्षतंतू त्या आवरणावरच्या, मज्जातंतू आणि स्नायू यांच्या जुन्या सांध्याच्या जागांवरच येऊन थांबले. स्नायू गेला तरी पत्ता उरला होता. पुढे अशाच आवरणद्रव्यातून, स्नायुतंतूला सांध्याची जागा घडवायला लावणारे अ‍ॅग्रिन हे प्रथिन वेगळे काढण्यात आले. याच आवरणाचा गुण उलट्या दिशेनेही वापरला गेला. स्नायूचा तुकडा गोठवून, वितळवून त्यातल्या पेशी मारायच्या आणि उरलेल्या पोकळ आवरणांचा पूल कापलेल्या मज्जातंतूच्या दोन टोकांमध्ये बसवायचा. उंदीर आणि मार्मोसेट माकडांवर हे प्रथम झाले. नंतर भारतातल्या कुष्ठरुग्णांच्या बधिर तळव्यांसाठी त्याचा वापर झाल्याचा अहवाल १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला.

मज्जातंतू स्नायूला नुसता चालवत नाही, घडवतोही. ऑस्ट्रेलियात बुलर आणि एक्लस पिता-कन्येने १९६० साली मांजरांमध्ये जलद स्नायूचा मज्जातंतू मंद स्नायूला आणि मंद स्नायूचा जलद स्नायूला जोडला. काही महिन्यांत जलद स्नायू मंद झाला, मंद स्नायूचा वेग वाढला. १९६९ मध्ये सॅमन्स आणि व्हर्बोव्हा यांनी सशांवर दाखवले, की विजेच्या स्पंदनांची लय बदलली तरी स्नायूचा स्वभाव बदलतो. म्हणून बसवलेल्या स्नायूला कोणता मज्जातंतू दिला, याला अर्थ आहे. माणसात बरगड्यांमधला मज्जातंतू दंडाच्या स्नायूला जोडला तर सुरुवातीला रुग्ण दीर्घ श्वास घेतो तेव्हा कोपर वाकते. चावण्याच्या स्नायूचा मज्जातंतू चेहऱ्याला दिला तर हसण्यासाठी आधी दात आवळावे लागतात. मेंदू हे हळूहळू शिकतो, पण शिकतो.

निरोगी स्नायू आपल्याच मज्जातंतूशी एकनिष्ठ असतो. चार्ल्स एल्सबर्ग यांनी १९१७ साली नोंदवले, की ज्याचा मूळ मज्जातंतू चालू आहे अशा स्नायूत परका मज्जातंतू खोचला तर तो स्वीकारला जात नाही. मूळचा तोडला की स्वीकारला जातो. लंडनचे नोएल थॉम्प्सन यांनी १९७१ मध्ये चेहऱ्याच्या पक्षाघातासाठी छोटे स्नायू रक्तवाहिन्या न जोडता बसवले, तेव्हा दोन आठवडे आधीच त्यांचा मज्जातंतू तोडून ठेवला होता. तसे केल्याने किती फायदा होतो, यावर पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांत मते विभागली. दुसरी वाट जपानमधून आली. तामाई आणि सहकाऱ्यांनी १९७० साली कुत्र्यांच्या मांडीचा स्नायू हलवून त्याच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली जोडले. तीनच वर्षांत शांघायला छातीचा स्नायू हाताला बसवला गेला, आणि १९७६ साली हारी यांनी मांडीच्या आतल्या ग्रॅसिलिस स्नायूने चेहरा हलवल्याचे प्रसिद्ध केले. मोठ्या स्नायूसाठी आज हीच वाट रूढ आहे.

आता वर सांगितलेला एक मिलिमीटर काढू. प्रौढ माणसाच्या मानेपासून हाताच्या बारीक स्नायूंपर्यंतचे अंतर सुमारे सत्तर सेंटिमीटर, म्हणजे सातशे मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे. आणि मज्जातंतूविना पडलेला स्नायू साधारण एक ते दीड वर्षानंतर नवा मज्जातंतू स्वीकारण्याची कुवत गमावू लागतो. मज्जातंतू पोचतो तेव्हा घर रिकामे झालेले असते. मांडीतून ताजा स्नायू आणून त्याच्या मज्जातंतूचा सांधा स्नायूच्या अगदी जवळ करण्यामागचे गणित हेच. उंदराच्या पायात हे अंतर दोन-तीन सेंटिमीटर असते आणि त्याचा मज्जातंतू वाढतोही जलद. म्हणून उंदरातले यश वाचताना तुम्ही आधी अंतर मोजा. जो प्रयोग तीन आठवड्यांत सुखान्त होतो, तो माणसात का रखडतो, याचे अर्धे उत्तर त्या मोजपट्टीवर सापडते.

कोणताही प्रयोग वाचताना यश कशाने मोजले, हेही पाहावे. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसले, एवढ्याने संशोधक खूश झाला आहे का? विजेचा झटका दिल्यावर स्नायू थरथरला, एवढेच का? की त्याने किती ग्रॅम ओढले हे मोजले, आणि ते त्याच प्राण्याच्या दुसऱ्या पायाशी ताडून पाहिले? निरोगी स्नायूच्या छेदात जलद आणि मंद तंतू बुद्धिबळाच्या पटासारखे मिसळलेले दिसतात. मज्जातंतू परतून आलेल्या स्नायूत एकाच जातीच्या तंतूंचे घोळके दिसतात, कारण एकेक अक्षतंतू शेजारचे अनेक तंतू आपल्या ताब्यात घेतो. हे घोळके दिसले की मज्जातंतू आला होता हे नक्की समजावे. पण आलेल्या अक्षतंतूंची संख्या कमी असेल तर हालचालीतला नाजूकपणाही कमीच राहणार. प्राणी चालताना पाय कसा टाकतो, हे मापन सर्वांत कष्टाचे. त्याकडे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे.

प्राण्यांचा प्रश्न टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. काही वाचकांना हे प्रयोग वाचताना अस्वस्थ वाटेल, आणि त्या अस्वस्थतेला या पुस्तकात जागा आहे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली प्राण्यांऐवजी पर्याय वापरणे, त्यांची संख्या कमी करणे आणि यातना कमी करणे ही तीन तत्त्वे मांडली. पुढच्याच वर्षी आपल्या संसदेने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला, आणि त्यानुसार प्रयोगांवर देखरेख करणारी समिती १९६४ पासून आली. जुन्या प्रयोगांची वर्णने आजच्या कसोटीवर कधी खटकतील. तरीही त्यांच्यापासून मिळालेले ज्ञान नीट वाचून वापरणे आणि तोच प्रयोग पुन्हा न करणे, हे त्या प्राण्यांचे ऋण फेडण्याच्या जवळ जाणारे वाटते.

वाचण्याचा क्रम ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे ठरवावा. विद्यार्थ्यांनी मज्जातंतूच्या वाढीचे प्रकरण आधी घ्यावे. फिजिओथेरपी करणाऱ्यांनी लय आणि उत्तेजना यांवरच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. अवयव गमावलेल्यांसोबत काम करणाऱ्यांना मिशिगनमधल्या अलीकडच्या कामाचे प्रकरण जवळचे वाटेल. तिथे कापलेल्या मज्जातंतूच्या टोकाभोवती स्नायूचा छोटा मुक्त तुकडा गुंडाळतात. तो जगतो, मज्जातंतू त्यात शिरतो, आणि त्या तुकड्यातून उठणारे विजेचे संकेत कृत्रिम हात चालवायला वापरतात. ताकदीच्या कामासाठी रक्तवाहिन्या न जोडलेल्या ज्या मुक्त कलमावर लोकांनी फुली मारली होती, ते असे दुसऱ्याच कामाला लागले. याचाही पाया उंदराच्या पायातल्या त्याच लांब स्नायूवर घातला गेला.

शेवटचे प्रकरण वयाविषयी आहे. कार्लसन आणि फॉकनर यांनी १९८९ साली तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांत स्नायूंची अदलाबदल केली. म्हाताऱ्याचा स्नायू तरुण शरीरात तरुण स्नायूइतकाच सावरला. तरुणाचा स्नायू म्हाताऱ्या शरीरात मागे पडला. दोष स्नायूच्या वयाचा नव्हता, त्याला सामावून घेणाऱ्या शरीराचा होता. त्या शरीरात नेमके काय कमी पडते, रक्त, मज्जातंतू की दोन्ही, याचा विचार तुम्ही स्वतः करून पाहावा, आणि मगच त्या प्रकरणाची पाने उलटावीत.